निळ्या गाडीतले बारा आठवडे

चपला काढून मी आत पाऊल टाकले आणि समोरच्या टीव्हीवर एक निळी गाडी कड्यावरून सरळ समुद्रात पडली.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघाले.

"काही होत नाही, आई. परत येते ती," पलंगावरून ऋजुता म्हणाली.

खरेच आली. पडदा क्षणभर काळा झाला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर उभी. साधा ओरखडासुद्धा नाही. ऋजुताने हातातल्या व्हिडिओ गेमच्या राखाडी रिमोटची दोन बटणे दाबली आणि गाडी समुद्राच्या कडेने सुसाट निघाली.

"ही दिवसभर हेच करते," माझी पिशवी खाली ठेवत निनाद म्हणाला. निनाद माझा मुलगा. तक्रार करत होता की कौतुक, ते त्याच्या आवाजावरून कळले नाही.

नाशिकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पलंग हॉलमध्ये आणून ठेवला होता. सून डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडलेली. बाविसावा आठवडा चालू होता. याआधीचे दोन्ही गर्भ पाचव्या महिन्यात गेले होते. या वेळी डॉक्टर पेठकरबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला होता आणि सांगितले होते, पलंग आणि बाथरूम, तिसरी जागा नाही. छत्तीस आठवडे गाठायचे. निनादची कारखान्यातली पाळी, तिच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, म्हणून मिरजेहून मी आले होते.

ऋजुता रस्त्यांची इंजिनिअर. नवा महामार्ग कुठून जाईल, पूल कुठे लागेल, हे मोजायला कंपनीची जीप घेऊन ती एकटी हिंडायची. लग्नाला सहा वर्षे झाली होती, पण सलग चार दिवस ती घरात बसलेली मी पाहिली नव्हती.

मी नेमाची बाई. सकाळचा जप होईपर्यंत मौन, चातुर्मासात एकवेळचे जेवण, संध्याकाळी दिवा लावून पोथीचा एक अध्याय. ते चातुर्मासाचेच दिवस होते. पहिल्याच संध्याकाळी मी पाट घेऊन तिच्या पलंगाजवळ बसले. पोटातल्या बाळाच्या कानावर चार चांगले शब्द पडावेत, एवढीच इच्छा.

"आवाज बंद केलाय मी. तुम्ही वाचा," ती म्हणाली. गाडी मात्र चालूच होती.

"आणि डोळे?"

"डोळे रस्त्यावर, कान तुमच्याकडे. साइटवर असंच असतं माझं. एका कानाला साहेब, समोर ट्रक."

मी अध्याय वाचला. शेवटची ओवी आली तेव्हा पडद्यावर तिची गाडी दगडी कुंपण फोडून मेंढ्यांच्या कळपाजवळून गेली.

"यात जिंकायचं काय असतं गं?" मी विचारले.

"शर्यती आहेत ना. हव्या तर लावायच्या. मी नाही लावत."

"मग करतेस काय?"

"फिरते. सगळा मुलूख मोकळा ठेवलाय यांनी. जो रस्ता दिसेल तो घ्यायचा. रस्ता नसेल तर शेतातून घालायची."

"उभ्या पिकातून?"

"मागे वळून बघितलं की परत उगवलेलं असतं. तुमच्या देवालाही जमणार नाही एवढ्या लवकर."

ती हसली. मीही हसले, पण ते मला लागले. दिवसातून वीस वेळा ती गाडी आपटायची, उलटायची, दरीत जायची. आई जे पाहते ते बाळ घेते, असे ऐकत मी वाढले. पोटुशीने ग्रहण पाहू नये, भांडण पाहू नये. इथे तर सकाळी नऊपासून अपघात.

निनादला स्वयंपाकघरात म्हटले, "तिला दुसरं काही वाचायला वगैरे आणून दे ना."

"खेळू दे ना, आई."

"मी कुठे नको म्हणतेय?"

मी कधीच नको म्हणत नाही. आवाज चढवलेला तर कुणालाच आठवणार नाही. पाचव्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी देवापुढे बसले, तळहातावर पाणी, अक्षता आणि सुपारी घेतली आणि संकल्प केला. माझी सून ऋजुता बाळंत होईपर्यंत तो खेळ हातात धरणार नाही, तेवढ्या नेमावर हिचे सगळे निर्विघ्न होऊ दे. पाणी ताम्हनात सोडले. चहा देताना तिला सांगितले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला न विचारता? माझ्या नावाने?"

"मला तरी कुठे विचारलं होतं? निनादच्या वेळी माझ्या आईने माझ्या नावाने गूळ सोडला. सात महिने गुळाचा खडा तोंडात टाकला नाही मी."

"आणि टाकला असता तर?"

 उत्तराची गरजच नव्हती. दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आलेली मुलगी ती. तिने कपातला चहा अर्धा तसाच ठेवला, उशीजवळचा रिमोट उचलला आणि माझ्या हातात दिला. मी तो देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला, धुपाच्या पुड्याशेजारी.

घर शांत झाले. मिरजेला बहिणीला मी फोनवर तसे सांगितलेसुद्धा. ऋजुता मासिके चाळायची, मोबाइल बघायची, मोबाइल उलटा ठेवायची. दर थोड्या वेळाने विचारायची, "किती वाजले?" पंख्याला किती पाती आहेत हे मला तिने दोनदा सांगितले. कधी उठून बसायची, मी म्हणायचे, "आडवी हो गं," की आडवी व्हायची. संध्याकाळी अध्याय ऐकताना आता डोळे मिटून असायची. मला वाटले, लक्ष लागले.

अकराव्या दिवशी संकष्टी होती. शेजारच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून मी सकाळी गणपतीला गेले. तासाभराने परत आले तर दार नुसते ओढलेले. पलंग रिकामा. बाथरूम रिकामे. शेजारच्या बाई म्हणाल्या, "झोपली असेल म्हणून बेल वाजवली नाही हो मी."

मी जिन्याकडे वळले तेवढ्यात लिफ्टचे दार उघडले. आत ऋजुता. गाउनवर ओढणी घेतलेली, एका हाताने लिफ्टचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली.

"कुठे गेली होतीस?"

"खाली. पार्किंगमध्ये. गाडीत बसले होते."

"कुठे नेलीस गाडी?"

"कुठेच नाही. सुरूसुद्धा नाही केली. नुसती बसले स्टिअरिंग धरून." मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "आई, मला ओलं वाटतंय."

वॉचमनने रिक्षा आणली. तिचे डोके मांडीवर घेऊन मी बसले. दवाखाना येईपर्यंत माझ्या तोंडात नामही आले नाही. फक्त रिक्षावाल्याला सांगत होते, "खड्डा चुकवा हो. खड्डा चुकवा."

दीड तासाने पेठकरबाई बाहेर आल्या आणि मला आत घेऊन गेल्या. निनाद अजून रस्त्यातच होता.

"टाका धरून आहे," त्या म्हणाल्या. "बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. थोडक्यात निभावलं. पण ऋजुता, मला एक सांग. टाका घातल्यापासून तू करंगळी हलवली नव्हतीस. मी बाकीच्या पेशंटना तुझं उदाहरण देते. मग आताच काय झालं?"

ऋजुता भिंतीकडे तोंड करून पडली होती. "कंटाळा आला."

"इतके दिवस नाही आला?"

"तेव्हा फिरत होते."

बाईंना वाटले औषधाची गुंगी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी जमिनीकडे पाहिले. माझे नाव ती घेऊ शकली असती. डॉक्टरांपुढे नाही तर निनाद आल्यावर तरी. तो आला, रडला, तिला थोडे बोललाही. ती फक्त म्हणाली, "हो रे, चुकलं."

दोन दिवसांनी घरी सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जप केला, पुरण घातले, नैवेद्य दाखवला आणि संकल्पाचे उद्यापन केले. व्रत मध्येच सोडायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. चूक माझी, दोष माझा, त्या मुलीला लावू नकोस, असे मराठीतच सांगितले. मग खणातून रिमोट काढून, पदराने पुसून तिच्यापुढे धरला.

तिने हात पुढे केला नाही.

"बाळंत होईपर्यंत म्हणाला होतात."

"उद्यापन केलं मी आज."

"मध्येच?"

"मध्येच."

"असं चालतं?"

"दोष असतो. तो मी माझ्याकडे मागून घेतलाय."

तिने पोटावर हात ठेवला. "आणि वर कुणी नीट ऐकलं नसेल तर?"

सहा वर्षे ही मुलगी माझ्या उपासांची थट्टा करत आली होती. पुलाचा उतार बोटभर चुकला तर ओळखणारी. ती आता एका प्लॅस्टिकच्या वस्तूला हात लावायला घाबरत होती. पाणी सोडायला मला पळभर लागले होते. तिच्या मनातून ते काढायचे कसे, हे कुठल्याच पोथीत मी वाचले नव्हते.

मी रिमोट घेऊन तशीच उभी राहिले. पुन्हा खणात ठेवावा असेही वाटेना.

"मी धरला तर?" मी म्हणाले.

"काय?"

"नेम तुझ्या नावाने केला होता. माझ्या नावाने नाही. मी चालवते. तू सांग कुठे जायचं ते."

 मी टीव्हीसमोर पलंगाला टेकून खाली बसले.

"आई."

"काय?"

"उलटा धरलाय."

त्या दिवशी मी पहिल्या पाच मिनिटांत एक खांब, एक बाक आणि कुणाच्या तरी घराचा हौद पाडला. प्रत्येक वेळी "रामा!" म्हणून रिमोटच सोडून द्यायचे, त्यामुळे गाडी आणखी कुठेतरी जायची.

"रिमोट सोडला तर राम काय करणार?" ऋजुता म्हणायची. "उजवं बोट दाबा, गाडी पुढे. डावं बोट, ब्रेक. डाव्या अंगठ्याने वळवायची. अंगठा हलवा, मान नाही."

"मान आपोआप जाते गं."

"मान गेली तरी गाडी जात नाही, आई."

आठवड्याभरात मला रस्त्यावर राहता येऊ लागले. वेग मात्र माझाच. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या, मी गाडी बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचे. मेंढ्या दिसल्या की थांबायचे. एकदा टेकडीवर छोटे चर्च दिसले तेव्हा रिमोट मांडीवर ठेवून हात जोडले, तेवढ्यात गाडी उतारावरून मागे गेली आणि ऋजुता इतकी हसली की मीच म्हटले, "पोट सांभाळ."

आमचे रोजचे ठरून गेले. जप, स्वयंपाक, मग अकरा ते एक गाडी. दुपारी तिला डोळा लागला तर ठीक, नाहीतर पुन्हा चार वाजता. ती डाव्या कुशीवर, मी खाली बसलेली, दोघींची तोंडे एकाच दिशेला.

"त्या टेकडीमागे काय आहे?" मी एकदा विचारले.

"माहीत नाही. मी गेले नाहीये तिकडे. बघा."

"बघू म्हणजे? रस्ता कुठाय?"

"घाला गवतातून."

मी घातली. टेकडीमागे एक तळे होते, पलीकडे पिवळ्या पानांची झाडे आणि एक रिकामा रस्ता. मी तिथे गाडी उभी केली. बासष्ट वर्षांत मी देवाला गेले होते, लग्नांना गेले होते, बाळंतपणांना आणि दिवसांना गेले होते. टेकडीमागे काय आहे ते बघायला कधी कुठे गेले नव्हते. इथे कुणी वाट पाहत नव्हते. पोहोचायचे नव्हते. चुकले तर चुकलेलाही एक रस्ताच होता.

"आवडलं ना?" ऋजुता म्हणाली.

"बरं आहे," मी म्हणाले. त्या संध्याकाळी सातचा अध्याय साडेआठला झाला.

निनाद पाळीवरून आला की दारातच विचारायचा, "आज कुठवर?" आणि आम्ही सांगायचो, बर्फाच्या बाजूला, किंवा बंदरावर. एकदा तो म्हणाला, "आई, मी चालवू का थोडी?" तर ऋजुता म्हणाली, "तू आपटतोस. बाळाने हे असलं बघायचं नसतं." माझ्याकडे न बघता म्हणाली. मी मुकाट्याने वळण घेतले.

गाडीत माणसे समोर बघून बोलतात, म्हणून काही गोष्टी गाडीतच बोलल्या जातात. तिसावा आठवडा असेल. लांबच लांब किनाऱ्याचा रस्ता होता.

"पहिल्या वेळी मी साइटवर होते," ऋजुता म्हणाली. "जीपमध्ये. सगळ्यांना वाटलं जीपनेच झालं. डॉक्टर म्हणाल्या तसं नाही, पण लोकांना तेच वाटलं. तुम्हालाही."

"मी तुला कधी काही म्हटलं नाही."

"मला नाही. निनादला म्हणालात. तिला म्हणावं, आता तरी ती जीप सोड."

रस्ता सरळ होता. वळण असते तर बरे झाले असते.

"हो," मी म्हणाले. "म्हणाले होते."

"दुसऱ्या वेळी मी घरातच होते. जीप नव्हती, काही नव्हतं. तरी गेलं. तेव्हा कुणीच काही म्हणालं नाही. मला वाटलं, तुम्ही तरी म्हणाल की जीपने नव्हतं."

मला काही दिसेनासे झाले. गाडी डावीकडे सरकायला लागली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तेव्हाही आणि त्या संकल्पाच्या वेळीही."

"समोर बघा, आई," ती म्हणाली. "ट्रॅक्टर आहे."

मी समोर बघितले आणि ब्रेक दाबला. ट्रॅक्टर गेला. मग आम्ही बंदरापर्यंत गेलो आणि जेवणाची वेळ झाली म्हणून टीव्ही बंद केला.

एकतीस झाले, तेहेतीस झाले. चौतिसाव्या आठवड्यात एका दुपारी तिचे पोट कडक व्हायला लागले. पेठकरबाई फोनवर म्हणाल्या, भरपूर पाणी प्यायला द्या, डाव्या कुशीवर ठेवा, तासाभरात थांबलं नाही तर घेऊन या. ऋजुताने माझे मनगट धरले होते. "चालवत राहा," ती म्हणाली. मी एका हाताने कशी चालवली माहीत नाही. बहुतेक एका शेताभोवती नुसत्या प्रदक्षिणा घातल्या. चाळीस मिनिटांनी पोट सैल झाले. मनगटावर तिच्या नखांच्या चार खुणा होत्या. त्या दोन दिवस राहिल्या.

छत्तिसावा आठवडा पूर्ण झाला त्या शुक्रवारी तपासणी होती. पेठकरबाईंनी सोनोग्राफी केली, कागद पाहिले आणि खुर्चीत मागे टेकल्या. "सोमवारी टाका काढू या. आता आलं तरी हरकत नाही. आजीबाई, सेवा चांगली केलीत."

मी कागद पिशवीत घातले. संकल्पाचे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

घरी आलो, ती पलंगावर पडली, मी नेहमीप्रमाणे खाली बसले आणि गाडी काढली. एका गावातून जात होतो. गल्ल्या अरुंद, मी आणखीच सावकाश.

"आई, त्या म्हाताऱ्या बाई चालत तुमच्या पुढे गेल्या," ऋजुता म्हणाली.

"जाऊ दे. त्यांना घाई असेल."

 मग पलंगावरून एक हात माझ्या खांद्यावरून पुढे आला, तळवा वर.

"द्या इकडे."

मी वळून पाहिले. बाळंत व्हायला अजून वेळ होता. ते तिलाही माहीत होते, मलाही.

"गेली भीती?" मी विचारले.

"नाही गेली," ती म्हणाली. "द्या. भीती घेऊनच चालवते."

मी रिमोट तिच्या हातावर ठेवला. तो माझ्या हातात राहून गरम झाला होता. ऋजुताने गाडी गल्लीतून बाहेर काढली, मोठ्या रस्त्याला लावली आणि वेग घेतला. मी पलंगाची कड धरून बसले.

सोमवारी टाका काढला. गुरुवारी सकाळी सव्वादहाला मुलगी झाली. दोन किलो चारशे, आणि दाराबाहेर ऐकू येईल एवढ्या मोठ्याने रडली.